मधू, तू भिंतीवरून गेलाच नव्हतास

मधू,

तुला नर्मदेकाठी ग्वारीघाटावर पोचवून आलो त्याला आज नऊ दिवस झाले. चार दिवसांनी तेरवी. त्या संध्याकाळी आपल्या मराठी मंडळाच्या खोलीत तुझी शोकसभा ठेवली आहे आणि तुझ्याबद्दल चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. तुझा मेव्हणा म्हणून, आणि लष्करी सामानाच्या फॅक्टरीत तुझ्या शेजारच्या बाकावर उभा राहिलेला फिटर म्हणून. चार शब्द मला कधी जमले नाहीत. तू म्हणायचास, वसंता चार शब्द बोलायला उभा राहिला की चारशे बोलतो आणि त्यात कामाचे चारच निघतात. म्हणून लिहून काढतो आहे. सभेत वाचण्याआधी तुला ऐकवतो आहे, कारण यातली एक गोष्ट तुलाही माहीत नव्हती.

घाटावर आम्ही मोजून अकरा माणसं होतो. पुन्हा लढाई लागली आहे, फॅक्टरी बारा-बारा तासांच्या पाळीनं चालू आहे, रजा कोणालाच नाही. मला अर्धा दिवस मिळाला तो बहिणीचा नवरा गेला म्हणून. तुझा पुतण्या नागपूरहून आला, त्यानं अग्नी दिला. ज्या कापडाच्या दुकानात तू सहा वर्षं गजानं कापड मोजलंस ते शेठजी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून पायी आले. आणि रांझीहून शिवप्रसादभैया आले. त्यांना तिरडी धरता येत नाही, म्हणून दोन्ही हात शालीत ठेवून नुसता खांदा लावला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

लाकडं पेटली तेव्हा आपल्याच सेक्शनमधला एक जुना माणूस माझ्या बाजूला उभा होता. मराठी माणूस, तुझ्या लग्नात पंगतीला वाढायला होता. हळू आवाजात म्हणाला, "गोलकीपर म्हनून लय मोठा होता हो. पन लढाईच्या टायमाला भिंतीवरून पळून गेला, तो डाग काही गेला नाही बिचाऱ्याचा." मी ऐकलं आणि गप्प राहिलो. सहा वर्षं गप्प राहायची इतकी सवय झाली आहे की तोंडाला वेगळं कुलूप लावावं लागत नाही. नर्मदेचं पाणी त्या दिवशी फार संथ होतं आणि मला स्वतःची शिसारी आली.

तू फॅक्टरीत आलास तो दिवस आठवतो. फिटरची भरती होती आणि तुझ्या हातात कानस दिली होती. लोखंडाचा तुकडा सरळ घासून दाखवायचा होता. तू घासला तो असा की त्याला चारही बाजूंनी उतार. इन्स्पेक्टरनं तुकडा उजेडाकडे धरला आणि हसला. मागून मोठे साहेब आले, त्यांनी तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुला विचारलं, "रविवारी पोलीस ग्राउंडवर तूच उभा होतास ना?" झालं, तू फिटर झालास. कागदावर फिटर, पगार फिटरचा, आणि खरं काम दोन खांबांमध्ये उभं राहायचं. हॉकीवर पोट भरणारा आपल्या मराठी वस्तीतला तू पहिलाच. माझ्या आईला हे काही केल्या समजत नसे. ती विचारायची, "खेळायचे पैसे देऊन राहिले? मंग काम केल्याचे काय देतात?"

मी तुला कानस धरायला शिकवलं. दोन वर्षं शिकवलं. तुला ते आलं नाही ते नाहीच. ज्या हाताला वीस पावलांवरून येणारा चेंडू दिसायच्या आधी कळायचा, त्या हाताला लोखंड कळत नव्हतं. मी चिडायचो. तू म्हणायचास, "अबे, लोखंड कुठं चालून येते माह्याकडे? चालून आलं असतं तर थांबवलं असतं ना."

आपल्या सेक्शनचा एक रिवाज होता. बाहेर कोणी विचारलं असतं तर कबूल केला नसता, पण होता. मॅचच्या दिवशी खेळाडूचं काम बाकीचे वाटून घ्यायचे. आणि त्याचं टोकनही बाकीचेच टाकायचे. गेटबाहेरच्या फळीवर ज्याचं त्याचं पितळी टोकन टांगलेलं, आत येताना ते काढून आपल्या सेक्शनच्या पेटीत टाकायचं, म्हणजे माणूस आत आला. खेळाडूला रीतसर चिठ्ठी लागायची, पण चिठ्ठी यायला उशीर झाला तर शेजारचा दोन टोकनं टाकायचा आणि टाइमकीपर तेवढ्यापुरता चष्मा पुसायचा. तुम्ही जिंकून आलात की बडा फुहाऱ्याची खोव्याची जिलबी यायची. बाकावर वर्तमानपत्र पसरून, तेलकट हातांनी, उभ्यानं खायची. हरलात तरी यायची, फक्त तेव्हा तू कमी बोलायचास. शिवप्रसादभैया दोन बाकं सोडून उभे राहायचे. गोलकीपरला ते गोली म्हणत; सगळ्यांत मोठा तुकडा उचलायचे आणि म्हणायचे, "गोली का टैक्स है ये, हम चिल्ला-चिल्ला के गला बैठाते हैं."

आणि खरंच चिल्लायचे. तुझ्या गोलमागे उभे राहून ओरडणाऱ्यांत आम्ही दोघं ठरलेले. तू खेळताना अखंड बडबडायचास हे प्रेक्षकांत लांब बसलेल्यांना कधी कळलं नाही. आपल्या फुलबॅकला हिंदीत शिव्या, समोरच्या फॉरवर्डला हिंदीत निमंत्रण, आणि स्वतःला मराठीत दटावणी. "उभा राय मध्या, उभा राय." मग चेंडू यायचा आणि तू एकदम गप्प. ते गप्प होणं मी पुष्कळदा पाहिलं. अंगातला सगळा माणूस डोळ्यांत जाऊन बसायचा. पॅडवर चेंडू आदळल्याचा आवाज आला की माझा श्वास सुटायचा. भोपाळला, ग्वाल्हेरला, नागपूरला थर्ड क्लासनं जाऊन तुम्ही खेळून आलात, आणि त्या तीन-चार वर्षांत मध्य प्रदेशात कोणीही गोलकीपर म्हटलं की दुसऱ्याचं नाव घेत नव्हतं.

तुझी पॅड वाळवायला आमच्या क्वार्टरचं अंगण तुला बरं वाटायचं. तुझ्या खोलीला ऊन नाही, असं कारण होतं. घाम पिऊन पिऊन फुगलेली ती पॅड पाहून आई म्हणायची, कोनाच्या घरच्या गाद्या आनून टाकल्या हो? ऊन तुझ्या खोलीलाही येत होतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं. सुमन ती पॅड उलटीपालटी करायची हेही तेव्हाच कळलं. मी रागावायचं नाटक केलं आणि आतून सुखावलो. बहिणीचं स्थळ शोधायला मला गेटबाहेरही जावं लागलं नाही.

मग पासष्टची लढाई लागली.

खिडक्यांच्या काचांना काळा कागद लागला, पाळ्या वाढल्या, आणि नोटीस लागली की खेळाच्या सगळ्या सवलती बंद. रास्तच होतं. तू त्या दिवसांत निमूट बाकावर उभा राहिलास आणि वाकडंतिकडं का होईना, काम केलंस. त्यातच शहरानं जवानांच्या मदतीसाठी एक मॅच ठरवली. बाहेरून तगडी टीम येणार होती आणि तिच्याबरोबर एक निवड समितीवाले, जे तुला आधी दोनदा पाहून गेले होते. तिसऱ्यांदा पाहिलं की दिल्लीच्या शिबिराला बोलावणार असं बोललं जात होतं. तू रजा मागितलीस. फोरमननं सांगितलं, लढाई संपल्यावर खेळ.

तू मान्य केलंस, मधू. हे मला सभेत सगळ्यांत आधी सांगायचं आहे. तू मान्य करून बाकावर परत आला होतास. "जाऊ दे, वसंता. तिकडं पोरं मरून राहिली अन् मी काय चेंडू अडवत बसू?" असं म्हणालास. मीच मानलं नाही. मीच दोन दिवस तुझ्या कानाशी भुणभुण लावली. मॅचसुद्धा त्या पोरांसाठीच आहे म्हणालो. अशी संधी दारात येऊन परत जाईल म्हणालो. शेवटी म्हणालो, "तू दोनच्या पाळीला येऊच नको. टोकन मी टाकतो. तुझं काम मी काढतो. आपल्या सेक्शनमध्ये हे काय पहिल्यांदा होऊन राहिलं?" लढाईच्या दिवसांत ते पहिल्यांदाच होत होतं. मला ते कळायला हवं होतं, मी तुझ्यापेक्षा जुना होतो.

दोनच्या गर्दीत मी दोन टोकनं पेटीत टाकली. साडेतीनच्या सुमाराला फोरमननं तुझ्या रिकाम्या बाकाकडे पाहून विचारलं, मी म्हणालो, "स्टोर गया है साहब, ड्रिल लाने." शिवप्रसादभैया ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला, कारण त्यांना वाटलं तू स्टोअरच्या मागे विडी ओढायला गेला आहेस.

त्यानंतर थोड्याच वेळात शेजारच्या शेडमध्ये, तापलेलं लोखंड बुडवायच्या तेलाच्या टाकीनं पेट घेतला. ज्वाळा फार नव्हत्या, धूर मात्र असा की शेजारचा माणूस दिसेना. सगळे बाहेर पळालो. मैदानातल्या लिंबाखाली टाइमकीपरनं टोकनांची पेटी उलटी केली आणि एकेक नंबर पुकारायला सुरुवात केली. ज्याचा नंबर येईल त्यानं ओ द्यायची. इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं मी तुला सांगितलं ते खोटं होतं.

मी तुला सांगितलं होतं की नंबर पुकारले तेव्हा मी तिथे नव्हतो, दुसऱ्या गेटकडे बादल्या आणायला धावलो होतो. नाही. मी लिंबाखालीच होतो. तुझा नंबर पुकारला. कोणी ओ दिली नाही. पुन्हा पुकारला. माझ्या घशात वाक्य तयार होतं, "वो अंदर नहीं है." चार शब्द. मला फक्त एवढंच बोलायचं होतं, आणि मी हिशेब करत उभा राहिलो की हे बोललो तर दुसऱ्याचं टोकन का टाकलं ते सांगावं लागेल, लढाईचे दिवस आहेत, हातात बेडी पडेल, आईचं काय होईल. शिवप्रसादभैया माझ्या पुढे पाच पावलांवर होते. ते म्हणाले, "अरे, मधु तो स्टोर में था." त्यांनी खांद्यावरचा गमछा बादलीत बुडवला, तोंडाला बांधला. फोरमन ओरडला, "रुको!" ते थांबले नाहीत. पाच पावलं टाकून हात पुढे केला असता तर त्या गमछ्याचं टोक माझ्या हाताला आलं असतं.

मी हात पुढे केला नाही.

स्टोअरचं सरकतं लोखंडी दार शेडला लागून होतं आणि तापलं होतं. आत तू आहेस असं समजून त्यांनी ते दोन्ही हातांनी ओढलं. उघडेपर्यंत ओढलं. आत कोणी नव्हतं. त्यांना बाहेर आणलं तेव्हा ते पहिलं काय म्हणाले हे मी तुला कधी सांगितलं नाही. म्हणाले, "मिला नहीं रे." हातांचं काही म्हणाले नाहीत.

तू संध्याकाळी गेटवर आलास तो कपाळाला गुलाल लावून. दोन-शून्यनं जिंकला होतात आणि निवड समितीवाल्यांनी तुझा हात हातात घेतला होता. गेटवर सगळे तुला पाहून भूत पाहिल्यासारखे मागे सरले. मग कोणीतरी तुला सांगितलं. तुझा चेहरा मी पाहू शकलो नाही, म्हणून तो कसा झाला ते मी आजही सांगू शकत नाही.

चौकशी बसली. टोकन कोणी टाकलं, हा एकच प्रश्न होता. तू म्हणालास, मीच टाकलं, आत आलो, स्टोअरला जातो असं सांगितलं आणि मागच्या भिंतीवरून उडी मारून गेलो. ती भिंत तू आयुष्यात कधी जवळून पाहिली नव्हतीस. कमिटीत कोणीतरी विचारलं, भिंत किती उंच आहे, आणि तू जे सांगितलंस ते चुकीचं होतं, पण त्यांनी लिहून घेतलं. मला साक्षीला बोलावलं. मी म्हणालो, हो, मला स्टोअरला जातो म्हणाला होता. झालं ते एवढंच. तुला काढून टाकलं. दिल्लीचं पत्र आलं ते फॅक्टरीच्या पत्त्यावर, आणि फॅक्टरीनं परत पाठवलं. सव्वीस वर्षांचा होतास. त्यानंतर तू एकही मॅच खेळला नाहीस, कारण कोणत्या टीमनं तुला उभं केलं असतं?

बाहेर येऊन मी तुला विचारलं, "काहून केलं असं?" तू क्वार्टर रिकामं करायच्या काळजीत होतास. म्हणालास, "अबे, दोघं गेलो असतो. तुही आई आहे, पोरं आहेत. अन् मी काही फिटर नव्हतोच." मग विचारलंस, "नंबर पुकारला तेव्हा तू कुठं होता?" मी बादल्यांचं सांगितलं. तू लगेच मान हलवलीस. "मला वाटलंच. तू असता तर बोलला असता."

हे वाक्य, मधू. शिवी दिली असतीस तर मी विसरलो असतो. तुझा माझ्यावरचा तो विश्वास मी सहा वर्षं अंगावर वागवला आणि एकदाही खाली ठेवला नाही.

तुम्ही मदन महालच्या बाजूला एका खोलीत राहायला गेलात. क्वार्टरमधल्या बायका सुमनशी बोलेनाशा झाल्या. तुला लोक भगोडा, पळपुटा म्हणायचे, पुढ्यात कमी, पाठीमागे जास्त. तू कापडाच्या दुकानात लागलास. एकदा मी मुद्दाम लांबून पाहत उभा राहिलो. वरच्या फळीवरून पोऱ्या कापडाचं ठाण फेकायचा, तू ते हवेत असतानाच पकडून बाकावर पसरायचास, आणि नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं काय चपळ दुकानदार आहे. मी न भेटताच घरी आलो.

मी फॅक्टरीत वर चढत गेलो. चार्जमन झालो. लढाईच्या काळात चांगलं काम केल्याबद्दल मला एक प्रशस्तिपत्रक मिळालं, ते बायकोनं फ्रेम करून लावलं. तू घरी आलास की त्याच्या खाली बसायचास. मी खुर्ची दुसरीकडे ओढायचो आणि तू ओढलेल्या जागेवर बसायचास, कारण तुला काय, कुठेही बसायचास.

दर रविवारी सकाळी तू सायकल काढून मदन महालहून रांझीला जायचास. एवढं अंतर, थंडी असो, ऊन असो. शिवप्रसादभैयांची बोटं एकमेकांना चिकटून राहिली होती, त्यांना वस्तरा धरता येत नव्हता. तू त्यांची दाढी करायचास, नखं काढायचास, त्यांच्या मुलीला सासरी पत्र लिहायचास. पहिली दोन वर्षं त्यांनी तुला अंगणात बसू दिलं नाही, उभ्यानं दाढी करून जायचास. आणि ते शिव्या द्यायचे. साबण लागलेल्या तोंडानं शिव्या द्यायचे हे मला त्यांच्या शेजाऱ्यानं सांगितलं. मी तुला म्हणालो, मी येतो एकदा तुझ्याबरोबर. तू म्हणालास, "तू काय करशील येऊन? त्यांचा राग माह्यावर आहे. तू मधात आला तर त्यांना राग काढायला बी जमनार नाही." मी आढेवेढे न घेता घरी राहिलो.

आपलं भांडण नेहमी दुसऱ्याच गोष्टीवर व्हायचं. नागपूरच्या फायनलमध्ये एका गोलनं हरलात तो गोल. मी म्हणायचो, तू रेषा सोडून पुढे यायला नको होतंस, थांबला असतास तर चेंडू पायात आला असता. तू म्हणायचास, थांबलो असतो तर त्यानं कोपरा पाहून आरामात मारला असता, पुढे आलो म्हणून त्याला घाई झाली, त्याचं नशीब की घाईतही बसला. सहा-सात वर्षं हे एकच भांडण. सुमन कंटाळून आत जायची. मागच्या महिन्यात सरकारी दवाखान्यात तू काविळीनं पिवळा होऊन पडला होतास, डोळेसुद्धा पिवळे, आणि मी उशाशी संत्र्याची सालं काढत होतो, तेव्हाही तू म्हणालास, "पुढं यायलाच पाहिजे होतं बे." मी म्हणालो, "नाही." तू हसलास आणि डोळे मिटलेस. आजारी माणसाचं तरी मी ऐकायचं होतं. तुझंच बरोबर होतं, मधू. मी जागेवर उभा राहणाऱ्यांच्या बाजूनं वकिली करत होतो आणि ती कोणाची वकिली होती ते माझं मला कळत होतं.

दवाखान्यात तीनदा मी बोलायला तोंड उघडलं. एकदा नर्स आली. एकदा तुला झोप लागली. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही आणि तू जागा होतास. मी विचारलं, "पाणी देऊ का?"

घाटावर त्या माणसाचं बोलणं ऐकल्यापासून मला जेवण गोड लागेना. काल दुपारी सुमनकडे गेलो आणि सगळं सांगितलं. आधी टोकनाचं सांगितलं. ती म्हणाली, "ते ठाऊक आहे मला. यांनीच सांगितलं होतं." माझ्या जिवात जीव आला, म्हटलं अर्धं ओझं उतरलं. मग लिंबाखालचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"यांना ठाऊक होतं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मी बादल्या सांगितल्या होत्या."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही. म्हणाली, "दादा, लोकं माह्या तोंडावर भगोड्याची बायको म्हनून राहिले सहा वर्षं. मी सहन केलं. काहून, तर माह्या भावाची नोकरी वाचली, अन् माह्या नवऱ्यानं ती वाचवली, असं मनाशी म्हनायची. आता मी काय म्हनू मनाशी?" तिनं सूप पुन्हा उचललं आणि माझ्याकडे न पाहता सांगितलं, "पहिले भैयाकडे जा. त्यांना सांग. मंग माह्या दारात ये."

घरी बायको म्हणाली, सांगा हवं तर त्या म्हाताऱ्याला, पण सभेत वाचू नका आणि ऑफिसात तर मुळीच बोलू नका, लढाई चालू आहे, तुमचाही मधू करून टाकतील. तिचं चुकत नाही. तिला तीन पोरं दिसतात. पण मी अर्ज लिहून ठेवला आहे, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी देईन. त्यात भिंतीची उंची लिहिली आहे. मी परवा जाऊन पाहून आलो, तुला तिच्यावरून उडी मारणं जन्मात शक्य नव्हतं.

आज रविवार. सकाळी सायकल काढली आणि तुझ्या रस्त्यानं रांझीला गेलो. शिवप्रसादभैया अंगणात उन्हात खाटेवर बसले होते. महिनाभराची पांढरी दाढी वाढलेली. कोनाड्यात वस्तरा, वाटी, साबणाचा तुकडा, सगळं तू ठेवलंस तसंच. त्यांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं, सुमनची चौकशी केली. मी उभ्यानंच सांगितलं. मोडक्या हिंदीत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत, पण सगळं.

त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम वहीं खड़े थे?"

"हाँ भैया."

"मेरे पीछे?"

"पाँच कदम."

त्यांनी शालीतून हात बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. त्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं आता उठतील, मारतील, आणि मी मनापासून त्याची वाट पाहिली. ते उठले नाहीत. मी काहीतरी करायचं म्हणून कोनाड्यातल्या वस्तऱ्याकडे हात नेला.

"रख दो," ते म्हणाले. "उसका है."

मी ठेवला.

"छह साल," ते म्हणाले. "हर इतवार वो साबुन लगाता और मैं उसकी माँ-बहन करता. एक बार तो मुँह पे थूक दिया था. पोंछ के फिर साबुन लगाने लगा. मैंने कहा, शरम नहीं आती? बोला, आती है भैया, गाल फुलाओ." त्यांचा आवाज फुटला. "अरे, उसने एक बार भी नहीं कहा कि वो झूठ मेरा नहीं था!"

मी म्हणालो, मला शिव्या द्या.

"तुम तो सामने खड़े हो," ते म्हणाले. "तुम्हें तो मैं कल भी दे लूँगा, परसों भी दे लूँगा. उससे माफी कब माँगूँ? वो तो नर्मदाजी में चला गया. दस दिन पहले आ जाते, बाबू. दस दिन पहले आ जाते, तो मैं अस्पताल चला जाता."

मग एवढा मोठा माणूस त्या न मिटणाऱ्या हातांत तोंड लपवायला गेला, आणि त्या हातांत तोंड मावत नव्हतं.

मला वाटत होतं, सांगितलं की मोकळा होईन. मधू, मी मोकळा नाही झालो. तुझं चांगलं नाव मी हिरावून घेतलं, तुझा खेळ घेतला, आणि आज त्या म्हाताऱ्याकडून तुझी माफी मागायची वेळही मीच घेतली होती हे कळलं. निघताना त्यांनी मला हाक मारून थांबवलं. म्हणाले, तुम पढ़े-लिखे हो, उसके लिए कुछ लिख रहे हो तो मेरा भी लिख देना. लिख देना कि शिवप्रसाद हाथ जोड़ता है. जुड़ते नहीं हैं, पर जोड़ता है.

तेव्हा लिहिलं. शिवप्रसादभैया तुझी माफी मागतात. ती घे, मधू, आज घे, त्यांना फार वाट पाहायला लावू नकोस.

माझी एवढ्यात घेऊ नकोस.